नुसत्या ओठांचें गाणें

प्राथमिक शाळेंत गायन शिकविणाऱ्या माणसावर नीतीच्या प्रश्नांचा विचार करण्याची पाळी येत असेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. गणिताच्या शिक्षकानें एखाद्यास नापास केलें तर त्याच्या न्यायान्यायाची चर्चा घरोघर होते. इतिहासांत काय शिकवावें यावर तर सभा भरतात आणि मोर्चे निघतात. गायनाच्या तासाची गोष्ट निराळी. तो तास वेळापत्रकाच्या कडेला, बहुधा शनिवारच्या सकाळीं, मुलांच्या व गुरुजींच्या विसाव्यासाठीं ठेवलेला असतो. आणि तेथें फार तर एखाद्याचा सूर चुकेल, धर्म चुकणार नाहीं, अशी आपली समजूत असते. माझीहि तशीच होती. ती समजूत खोटी आहे हें मला उरण तालुक्यांतील एका शाळेंत, वार्षिक संमेलनाच्या रात्रीं, एका म्हातारीच्या साध्या बोलण्यावरून कळलें. आणि तेव्हांपासून जो प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे तो वाचकांपुढें मांडावा एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. उरण ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचेंत बसलें म्हणजे मोऱ्याच्या बंदरास उतरतां येतें. गांवाच्या पाठीशीं द्रोणागिरीचा डोंगर, पुढें समुद्र, आणि भोंवतालच्या सखल जमिनींत एके काळीं मिठागरें आणि भातशेतें. सन १९८९ मध्यें न्हावाशेवा येथें मोठें बंदर सुरू झालें, आणि जेथें मिठाच्या राशी दिसत तेथें कंटेनरांचे थर दिसूं लागले. आमच्या वर्गांत आगऱ्यांचीं मुलें होतीं, कोळ्यांचीं होतीं, आणि बंदराच्या कामावर परप्रांतांतून आलेल्या मजुरांचींहि होतीं. चाळीस-बेचाळीस मुलें, एक पेटी, एक ढोलकी आणि मी.

त्या वर्गांत एक मुलगा होता. त्याला एका कानानें कमी ऐकूं येई आणि शिकविलेलें त्याच्या डोक्यांत हळूहळू उतरे. परंतु गाण्याची हौस मात्र अनिवार. प्रार्थनेच्या वेळीं तो डोळे मिटून, मान उंच करून, सर्वांच्या वर आवाज काढी, आणि तो आवाज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच ठिकाणीं उभा असे. रोजच्या प्रार्थनेंत याचें कोणास कांहीं वाटत नसे. परंतु संमेलन जवळ आलें, समूहगीताची तालीम सुरू झाली, आणि त्याच्या आवाजानें सारें गाणें खालीं ओढलें जाऊं लागलें. पाहुणे यावयाचे होते. मीं त्याला बाजूस घेतलें, पाठीवरून हात फिरविला आणि म्हटलें, “तूं पहिल्या रांगेंत उभा राहा. ओठ सगळ्यांबरोबर हलव. आवाज मात्र काढूं नको.” पहिली रांग मिळाली म्हणून तो हंसला. मला वाटलें, आपण किती कौशल्यानें प्रसंग निभावला! मुलगा दुखावला नाहीं, आणि गाणेंहि बिघडलें नाहीं.

गाणें खरोखरच चांगलें झालें. टाळ्या पडल्या, पाहुण्यांनीं माझें नांव घेऊन कौतुक केलें. मंडप रिकामा होऊं लागला तेव्हां त्या मुलाची आजी माझ्याजवळ आली. आगरी-कोळी समाजांत लग्नाचे विधि धवलगीतें गाऊन लावून देणाऱ्या बायका असतात, त्यांस धवलारिणी म्हणतात. ही त्यांतलीच एक. सारें आयुष्य तिनें गाण्यांतच घालविलें होतें. ती म्हणाली, “गुर्जी, सगल्यांचा आवाज आयला. माझे नातवाचा नाय आयला.” मीं उत्तर दिलें कीं एवढ्या मुलांत एकाचा आवाज निराळा कसा ऐकूं येणार? ती कांहीं बोलली नाहीं. माझ्याकडे क्षणभर पाहून तिनें नातवाचा हात धरला आणि निघून गेली. पुढच्या सोमवारीं प्रार्थनेच्या वेळीं मीं पाहिलें तों तो मुलगा डोळे मिटून, मान उंच करून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी जवळ जाऊन म्हणालों, “आज मोठ्यानें म्हण कीं.” त्यानें गोंधळून माझ्याकडे पाहिलें आणि म्हटलें, “गुरुजी, माझं गाणं असंच असतं.”

माझ्या हातून अन्याय झाला काय, आणि झाला असल्यास तो नेमका कोणता, हा प्रश्न आहे. प्रथम माझ्या बाजूनें जें बोलतां येईल तें सांगतों. कारण पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा मांडून उत्तरपक्ष जिंकणें ही वादांतली लबाडी होय. माझ्या कृत्याच्या समर्थनार्थ तीन मुद्दे आहेत. पहिला कलेचा. गाणें म्हणजे निवड. बेसूर स्वर गळून पडला म्हणजेच सुरेल स्वर उरतो. ज्याला चित्र काढतां येत नाहीं त्याचें चित्र आपण भिंतीवर लावीत नाहीं, मग ज्याला गातां येत नाहीं त्याचा आवाज लोकांस ऐकवावा असा आग्रह कां? दुसरा मुद्दा दयेचा. तो मुलगा गाता तर लोक हंसले असते. त्याच्या वयाच्या मुलांनीं त्यास चिडविलें असतें. मीं त्यास त्या उपहासापासून वांचविलें. तिसरा मुद्दा न्यायाचा. त्याच वर्गांत एक मुलगी अशी होती कीं एकदां ऐकलेली चाल ती तंतोतंत म्हणून दाखवी. आठवड्याचा एक तास. तो बेचाळिसांत वांटला तर प्रत्येकाच्या वांट्यास मिनिटभरहि येत नाहीं. मग जो तास त्या मुलीच्या गुणास फुलवूं शकला असता तो ज्याच्या गळ्यांत गुणच नाहीं त्याच्यावर खर्च करणें हा त्या मुलीवर अन्याय नव्हे काय?

हे तीनहि मुद्दे सामान्य नाहींत. किंबहुना आपल्या संगीताची शेंकडों वर्षांची परंपरा यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या मुद्द्यांवर उभी आहे. गुरु शिष्याची पारख करी, त्यास वर्षानुवर्षें सेवा करावयास लावी, आणि योग्य वाटला तरच विद्या देई. त्या परंपरेनें जे गवई निर्माण केले त्यांचें ऋण कोणासहि नाकारतां येणार नाहीं. परंतु जी गोष्ट घराण्यास शोभते ती शाळेसहि शोभते काय, हें निराळें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहावयाचें तर ज्या माणसांनीं गाणें घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणलें त्यांच्याकडे वळलें पाहिजे.

विष्णु दिगंबर पलुस्करांचें चरित्र पुष्कळांस ठाऊक आहे. सन १८७२ मध्यें कुरुंदवाड येथें त्यांचा जन्म झाला. लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें त्यांच्या डोळ्यांस इजा झाली आणि दृष्टि कायमची अधू झाली. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग बंद झाल्यासारखा झाला, म्हणून त्यांस गाण्याकडे वळविलें, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. या हकीकतीचा अर्थ आपण बहुधा ‘दैवानें एक दार लावलें आणि दुसरें उघडलें’ असा लावतों. परंतु त्यांत आणखीहि एक अर्थ आहे. ज्या मुलास त्या काळची शाळा सामावून घेऊं शकली नाहीं, असा तो मुलगा होता. त्याच मुलानें पुढें, सन १९०१ मध्यें, लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें. राजाश्रयावर न विसंबतां लोकांच्या वर्गणीवर तें चालविलें. मुलांस रांगेनें बसवून एकत्र शिकविण्यासाठीं पुस्तकें व स्वरलेखन तयार केलें. आणि ज्या काळीं कुलीन घरांतील स्त्रीनें गाणें हा कलंक समजला जाई त्या काळीं मुलींनाहि गाणें शिकविलें. त्यांच्या निधनाच्या वर्षीं, म्हणजे १९३१ मध्यें, त्यांच्या शिष्यांनीं स्थापन केलेलें अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आजहि परीक्षा घेत आहे, आणि वाशी येथील त्याचें विद्यालय आम्हां उरणकरांस कांहीं फार दूर नाहीं.

दुसरें नांव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचें. वकिली सोडून देशभर हिंडून, घराण्यांच्या पेट्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा त्यांनीं गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या रूपानें छापून कोणाहि वाचकाच्या हातीं दिल्या. त्या नांवांतला ‘क्रमिक’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्या ही कृपाप्रसाद नसून पायऱ्यापायऱ्यांनीं चढतां येणारी वस्तु आहे, ही भूमिका त्या एका शब्दांत सामावली आहे. जेथें पायऱ्या आहेत तेथें खालची पायरीहि असते, आणि त्या पायरीवर उभा राहिलेला मनुष्य जिन्याबाहेरचा नसतो.

तरीसुद्धां हें मान्य केलें पाहिजे कीं, या दोघांनीं उघडलेलें दार हें ज्यास आंत यावयाचें आहे त्याच्यासाठीं होतें. संगीतविद्यालयांत मनुष्य आपल्या इच्छेनें जातो, आणि न जमलें तर आपल्या इच्छेनें बाहेर पडतो. प्राथमिक शाळेचें तसें नाहीं. तेथें मूल येतें तें समाजानें आणलें म्हणून. या भेदाचें उत्तम उदाहरण बडोद्यास सांपडतें. सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या देखरेखीखालीं गायनशाळा काढली. आणि त्याच महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्यें तो साऱ्या राज्यास लागू केला. पहिली संस्था ज्यास हौस आहे त्याची, दुसरी प्रत्येकाची. आज २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि त्यास शाळेंत धाडणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे; आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें सर्व प्रकारच्या मुलांनीं एकत्र शिकावें हें तत्त्व मान्य केलें आहे.

माझ्या मतें या प्रश्नाची गुरुकिल्ली येथें आहे. ज्या मुलास मीं बोलावलें नाहीं त्यास ‘तुझें येथें काम नाहीं’ असें म्हणण्याचा मला कदाचित् अधिकार असेल. परंतु ज्यास आपण सर्वांनीं मिळून, कायदा करून, घंटा वाजवून आंत बोलावलें, त्यास आंत आल्यावर ‘तूं आवाज काढूं नको’ असें सांगण्याचा अधिकार मला कोणीं दिला? सक्तीनें अधिकार वाढत नाहींत, कर्तव्यें वाढतात. गवयानें शिष्य निवडावा. प्राथमिक शिक्षकाची निवड आधींच झालेली असते, आणि ती त्यानें केलेली नसते. वर्ध्याच्या शिक्षणयोजनेंत, सन १९३७ मध्यें नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीनें सात वर्षांचा जो अभ्यासक्रम आखला, त्यांत हस्तव्यवसाय, मातृभाषा व गणित यांच्या जोडीला संगीतहि घातलें होतें. खेड्यांतील सर्व मुलांसाठीं आखलेल्या योजनेंत संगीत घालणाऱ्यांच्या मनांत गवई तयार करण्याचा हेतु असणें शक्यच नाहीं. अक्षरें शिकवितांना आपण प्रत्येक मूल कवि होईल अशी अपेक्षा करीत नाहीं, म्हणून कोणास अक्षरें शिकवावयाचीं सोडीत नाहीं. मग सुरांच्याच बाबतींत हा निराळा न्याय कां?

याचें उत्तर आपण असें देतों कीं, अक्षरें सर्वांस येतात, सूर सर्वांस येत नाहींत, तो देवाघरचा. ही समजूत कितपत खरी आहे? सुरांतला भेद मुळींच न कळणारीं माणसें जगांत असतात हें खरें. परंतु शास्त्रीय कसोट्या लावून पाहिलें तर त्यांचें प्रमाण शेंकडा चार किंवा त्याहूनहि कमी भरतें. आणि आपण ‘बेसूर’ म्हणून बाजूस काढतों त्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते. मीं नंतर शोध घेतला तेव्हां माझ्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतींत दोन गोष्टी आढळल्या. एक अशी कीं, पेटीवर मी जो षड्ज धरीत असें तो माझ्या गळ्यास सोयीचा होता, त्याच्या नव्हे. खालच्या पट्टींत त्याचा आवाज तीन-चार स्वर वरखालीं होत असे. माझ्या पट्टींत त्यास एकच स्वर गांठतां येई, म्हणून तो तेथेंच उभा राही. दुसरी गोष्ट अशी कीं, मी नेहमीं ज्या बाजूस बसत असें ती त्याच्या बहिऱ्या कानाची बाजू होती. म्हणजे ज्यास मीं दैवाची करणी समजलों तींत निम्मी करणी माझ्या बसण्याच्या जागेची होती! शिक्षकास विद्यार्थ्याचा दोष दिसतो तेव्हां आधीं आपली बैठक बदलून पाहावी, हा धडा मला वयाच्या पन्नाशीनंतर मिळाला.

ज्यांच्या बाबतींत खरोखरच कांहीं उणें असतें त्यांच्यासाठींहि गाण्याच्या वाटा बंद नसतात. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेनें सुरांस साधीं नांवें देऊन मुलांस गाणें शिकविण्याची रीत काढली. जॉन कर्वेन यानें तींत भर घालून प्रत्येक सुरास हाताची एकेक खूण दिली. आणि पुढें हंगेरींत झोल्तान कोडाय याच्या शिक्षणपद्धतींत त्या खुणा साऱ्या देशाच्या शाळांत पोंचल्या. कानाला जें चटकन् उमगत नाहीं तें डोळ्यास आणि हातास उमगतें, हें त्यामागचें साधें तत्त्व. स्कॉटलंडची इव्हेलिन ग्लेनी लहानपणींच जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. तरी पायांत जोडे न घालतां, जमिनींतून आणि अंगांतून येणारीं कंपनें ओळखून ती तालवाद्यें वाजविते, आणि जगांतल्या मोठ्या वादकांत तिची गणना होते. अशीं असामान्य माणसें उदाहरणादाखल देण्यांत एक धोका आहे. प्रत्येक बहिऱ्या मुलानें ग्लेनी व्हावें अशी नवी सक्ती त्यांतून निर्माण होते. मला तिच्यापासून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, गाणें कानानेंच शिरतें आणि गळ्यानेंच बाहेर पडतें, ही आपली कल्पना फार अरुंद आहे.

खरें म्हटलें तर यासाठीं हंगेरीस जाण्याचें कारणहि नव्हतें. वारकऱ्यांच्या दिंडींत प्रवेशासाठीं कोणी गळ्याची परीक्षा घेतल्याचें ऐकिवांत आहे काय? तेथें वीणेकऱ्याचा मान निराळा, मृदंग वाजविणाऱ्याचें कौशल्य निराळें, चाल उचलून देणारा निराळा. आणि बाकीचे शेंकडों लोक टाळ वाजवीत, पावलें टाकीत ध्रुपद म्हणत असतात. त्यांतले किती सुरांत असतात हें मोजलें तर गायनाचा परीक्षक हताश होईल; परंतु दिंडी बेसूर होत नाहीं. याचें कारण असें कीं तेथें निवडीच्या ऐवजीं योजना आहे. ज्याला जें जमतें तें त्याच्याकडे आहे, आणि ध्रुपद सर्वांचें आहे. त्या म्हातारीच्या धवलगीतांचेंहि तसेंच. धवलारीण जाणती असते. तिच्या मागून म्हणणाऱ्या बायकांत सर्व तऱ्हेचे आवाज असतात. ज्या घरांत गाणें हें लग्नाइतकेंच सर्वांचें असतें, त्या घरांतून आलेल्या मुलास गाणें कांहीं जणांचेंच असतें हें प्रथम कोठें कळलें? शाळेंत. हें मीं शिकविलें.

आतां त्या तीन मुद्द्यांकडे परत वळूं. कलेच्या मुद्द्यास उत्तर असें कीं, प्राथमिक शाळेचें संमेलन हा जलसा नव्हे. तेथें जमलेले लोक तिकीट काढून सुरेल गाणें ऐकावयास आलेले नसतात; आपापल्या मुलाला ऐकावयास आलेले असतात. ज्याला मी कलेचा आग्रह म्हणत होतों तो तपासून पाहिला तेव्हां त्याच्या तळाशीं पाहुण्यांपुढें माझें नांव व्हावें ही इच्छा सांपडली. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें मनुष्यास केवळ साधन म्हणून कधींहि वापरूं नये असा दंडक घालून दिला आहे. मीं तर त्या मुलास साधन म्हणूनहि वापरलें नाहीं. पडद्यावरच्या चित्रासारखा वापरला. जागा भरावी, शोभा द्यावी आणि गप्प राहावें!

दयेच्या मुद्द्यावर मला अधिक विचार करावा लागला, कारण तेथें माझा हेतु खोटा नव्हता. परंतु उपहासापासून मुलास वांचविण्याच्या दोन रीती आहेत: एक हंसणारांस आवरण्याची, दुसरी मुलास लपविण्याची. पहिली कठीण आहे; दुसरी सोपी आहे. मीं सोपी रीत पत्करली आणि तिला दया हें नांव दिलें. शिवाय त्या दयेंत एक असत्य होतें. श्रोत्यांस वाटलें कीं तो गात आहे. त्याच्या आजीस तसें वाटावें अशी माझी योजना होती. आणि सर्वांत वाईट हें कीं अखेरीस त्याला स्वतःलाहि तसें वाटूं लागलें.

येथें दुसऱ्या टोंकाचें असत्यहि सांगून टाकतों, कारण अलीकडे त्याचीच चलती अधिक आहे. मूल कसेंहि गायलें तरी ‘वाहवा, फार छान!’ म्हणावें, प्रत्येकास बक्षीस द्यावें, म्हणजे कोणाचें मन दुखावत नाहीं, असें मानणारे पालक व शिक्षक मीं पुष्कळ पाहिले आहेत. मला ही रीत पहिल्याहून बरी वाटत नाहीं. जो मुलगा चुकत आहे त्याला चूक न दाखविणें म्हणजे त्याच्याकडून कांहीं अपेक्षाच नाहीं असें सांगणें होय. ‘तूं गाऊं नको’ आणि ‘तूं कसाहि गा’ या दोन वाक्यांत वाटतें तेवढें अंतर नाहीं. दोहोंतहि शिक्षकानें आपला हात काढून घेतलेला असतो. शिक्षकाचें खरें वाक्य तिसरें: ‘तुझा सूर येथें चुकतो आहे, आपण खालून पुन्हां धरूं.’ या वाक्यांत सत्यहि आहे, मानहि आहे, आणि श्रमहि आहेत. त्या श्रमांमुळेंच आपण तें टाळतों.

तिसरा मुद्दा गुणी मुलीचा. याचें पूर्ण समाधानकारक उत्तर मजपाशीं नाहीं, हें प्रांजळपणें सांगतों. वेळ मर्यादित आहे, आणि एकाला दिलेला वेळ दुसऱ्याला मिळत नाहीं हें गणित कोणास चुकलेलें नाहीं. एवढेंच म्हणेन कीं, गुणी मुलास शाळेखेरीज दुसरीं दारें असतात. त्याचा गुण दिसतो, म्हणून घरचीं माणसें, गांवांतले बुवा, विद्यालयें, स्पर्धा, कोणीतरी त्यास हात देतो. ज्याचा गुण दिसत नाहीं त्यास शाळेबाहेर गाणें देणारें दुसरें कोणी भेटेलच असें नाहीं. ज्याला एकच दार आहे त्याच्यासाठीं तें दार आधीं उघडावें, हा न्याय मला पटतो. आणि त्या मुलीसहि वर्गांत शिकण्यासारखें कांहीं होतें. दुसऱ्याचा डळमळता सूर शेजारीं असतां आपला सूर स्थिर ठेवणें ही गायनांतली सोपी परीक्षा नव्हे. परंतु तिला दुसऱ्याची काठी करून ठेवण्याचाहि मला अधिकार नाहीं. म्हणून तिच्यासाठीं शाळा सुटल्यावर अर्धा तास निराळा काढणें हें माझें काम होतें, आणि पुढें तें मीं केलें.

पुढच्या वर्षापासून मीं ज्या गोष्टी बदलल्या त्या फार थोड्या आहेत. पेटीचा षड्ज मुलांच्या गळ्यावरून ठरवूं लागलों. गाणें निवडतांना असें निवडूं लागलों कीं ज्याचें ध्रुपद तीन-चार सुरांत मावेल आणि कडव्यांत जाणत्यांस वाव मिळेल. ज्यांस ऐकूं कमी येई त्यांस ढोलकीजवळ बसवून पानावर हलकेच हात ठेवूं देत असें. ताल त्यांस तेथें सांपडे. एक मुलगी बोलत नसे. तिच्याकडे गाण्याचा आरंभ आणि शेवट खुणेनें दाखविण्याचें काम दिलें, आणि बेचाळीस मुलें तिच्या हाताकडे पाहून थांबत. हें सर्व केल्यानें संमेलनाचें गाणें पूर्वींपेक्षां चांगलें झालें, असें लिहिलें असतें तर लेखास शोभा आली असती. परंतु तें खरें होणार नाहीं. गाणें पूर्वींपेक्षां थोडें खडबडीतच झालें. पाहुण्यांनीं माझें नांव घेतलें नाहीं. न्यायाची किंमत द्यावी लागते, आणि या बाबतींत ती एवढीच असेल तर ती फार स्वस्त आहे.

कोणी म्हणेल, एका मुलानें एका गाण्यांत आवाज काढला नाहीं, याचा एवढा विस्तार कशाला? मला वाटतें, गोष्ट गाण्यापुरती राहत नाहीं. उरण तालुका हा आवाज काढणाऱ्या लोकांचा आहे. याच तालुक्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला. याच तालुक्यांत जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी आपल्या जमिनींच्या मोलासाठीं उभे राहिले आणि त्यांतहि गोळ्या चालल्या. त्या जमावांत सर्व तऱ्हेचे आवाज असतील. कोणीहि कोणास ‘तूं नुसते ओठ हलव’ असें म्हटलें नसेल. समूहांत उभें राहून आपला आवाज इतरांच्या आवाजांत मिळविणें, इतरांचा ऐकणें, आपला चुकला तर सुधारणें, आणि तरी गप्प न बसणें, हें शिक्षण नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत शिकवितां येत नाहीं. तें लहानपणीं, रांगेंत उभें राहून, गातांना मिळतें. आणि तेथेंच जर कोणी शिकलें कीं पहिल्या रांगेंत उभें राहण्यासाठीं गप्प राहणें पुरेसें असतें, तर तो धडा तें मूल शाळेंतच ठेवून जाईल असें मानण्यास मला आधार दिसत नाहीं.

तो मुलगा आतां मोठा झाला आहे आणि बंदराच्या कामावर जातो. दोन वर्षांपूर्वीं गणपतींत मी त्याच्या आळींत आरतीला गेलों होतों. तो माझ्या शेजारींच उभा होता. मला पाहून हंसला, त्यानें नमस्कार केला. आरती सुरू झाली, झांजा वाजूं लागल्या, आणि त्याचे ओठ हलूं लागले. त्या गजरांत त्याचा आवाज निघत होता कीं नाहीं हें ऐकण्याचा मीं पुष्कळ प्रयत्न केला. मला कळलें नाहीं. त्याला विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्याची आजी आतां हयात नाहीं. ती असती तर तिनें बरोबर सांगितलें असतें.

या मासिकाच्या वाचकांत शिक्षक थोडे आणि आईबाप पुष्कळ असतील. त्यांच्या घरांत ‘मला गाणें येत नाहीं’ असें हंसत हंसत सांगणारें कोणी ना कोणी असेल; कदाचित् ते स्वतःच असतील. माझी त्यांस एकच विनंति आहे. तें वाक्य कानीं पडलें म्हणजे त्यास विनय समजून सोडून देऊं नये. हें तुला कोणीं सांगितलें, आणि केव्हां, एवढें विचारून पाहावें. बहुतेक वेळां उत्तरांत एखाद्या शाळेचें, एखाद्या तासाचें आणि माझ्यासारख्या एखाद्या सद्हेतूनें वागणाऱ्या गुरुजींचें नांव निघेल.